कचऱ्यावरचे रान



सहलीला कोठे जायचे, असे वर्गात विचारले की उत्तरे ठरलेली असतात. कोणी माथेरान म्हणते, कोणी मुरुड-जंजिरा म्हणते, तर कोणाला पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या मोठ्या उद्यानात जायचे असते. एका वर्षी मी माझ्या नववीच्या वर्गाला सांगितले, "या वेळी आपण धारावीला जाणार आहोत." वर्गात हशा पिकला. एक मुलगा म्हणाला, "टीचर, धारावीत पाहण्यासारखे काय आहे?"

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. ती धारावीतच राहत होती. मान खाली घालून ती वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढत राहिली. वर्षाच्या सुरुवातीला मी सर्वांना पत्ते विचारले होते, तेव्हा तिने नुसते "सायन" असे सांगितले होते, हे मला आठवले.

धारावीत पाहण्यासारखे काय आहे? या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ते आम्ही डिसेंबरच्या एका सकाळी तेथे जाऊनच पाहिले. आज ते तुम्हांलाही सांगणार आहे.

मुंबईत सायन आणि वांद्रे यांना जोडणारा एक मोठा रस्ता आहे. या रस्त्यावर, धारावी बस आगाराजवळ, मिठी नदीच्या काठी 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' आहे. काही लोक त्याला 'माहीम निसर्ग उद्यान' असेही म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७ एकर, म्हणजे जवळजवळ १५ हेक्टर आहे. फुटबॉलची वीस मैदाने शेजारी शेजारी मांडली तर जेवढी जागा लागेल, तेवढी ही जागा.

आम्ही फाटकाबाहेर उतरलो, तेव्हा रस्त्यावर बस, ट्रक आणि रिक्षा यांचा गोंगाट चालू होता. धुरामुळे डोळे चुरचुरत होते. फाटकातून आत शिरून पन्नास पावले चाललो आणि हवा बदलली. मुलांना ते लगेच जाणवले. कोणी म्हणाले, "येथे कोणी पंखा लावला आहे का?" पंखा कोणी लावलेला नव्हता. झाडे मुळांवाटे पाणी शोषून घेतात आणि त्यातील बरेचसे पाणी पानांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर टाकतात. पाण्याची वाफ होताना आसपासची उष्णता कमी होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने झाडाखालची हवाही गार होते. शिवाय सावली असते ती वेगळीच.

एका मोठ्या झाडाखाली आम्ही थांबलो. मी मुलांना विचारले, "आपण आत्ता कशावर उभे आहोत?"

"मातीवर," काही जण म्हणाले. "दगडावर," दुसरे म्हणाले. एकाने थोडा विचार करून सांगितले, "खाडीत भर घातली असेल."

"आपण कचऱ्यावर उभे आहोत," मी म्हणाले.

दोन-तीन मुलींनी चटकन पाय उचलले. मग सगळे हसले. पण ही गोष्ट खरी आहे. या जागेवर पूर्वी अनेक वर्षे मुंबई शहराचा कचरा टाकला जात असे. १९७७ साली येथे कचरा टाकणे बंद झाले. त्यानंतर काही निसर्गप्रेमी लोकांनी असा विचार मांडला की, या जागेवर इमारती न बांधता एक रान तयार करावे. शहरातल्या मुलांना झाडे, पक्षी आणि फुलपाखरे पाहायला मिळतील अशी एक जागा असावी. तेव्हा हा विचार ऐकणाऱ्या अनेकांना ते अशक्य वाटले असेल. तसे वाटणे चुकीचेही नव्हते. त्याचे कारण समजून घेऊ.

कचऱ्याची जागा ही साध्या पडीक जमिनीसारखी नसते. तेथे ओला कचरा, चिंध्या, कागद, काच आणि लोखंड असे सगळे एकावर एक दाबले जाते. वरच्या थरांच्या भाराखाली खालच्या थरांना हवा मिळत नाही. हवा नसलेल्या जागी कचरा कुजू लागला की त्यातून मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू सहज पेट घेतो. शिवाय कचऱ्यातून काळे, घाण पाणी झिरपत राहते. झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मुळांभोवती हवेऐवजी असे वायू साठले तर रोपटे गुदमरते.

अशा जागेचा धोका मुंबईने अलीकडेही पाहिला आहे. देवनार येथे १९२७ सालापासून शहराचा कचरा टाकला जात होता. जानेवारी २०१६ मध्ये तेथील कचऱ्याच्या डोंगराला आग लागली. आग वरवर विझली तरी आत धुमसतच राहिली. धुराचे लोट गोवंडी, मानखुर्द, चेंबूरच्या वस्त्यांवर पसरले. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना खोकल्याचा त्रास झाला. काही शाळांना सुट्टी द्यावी लागली. आपण केराची टोपली रिकामी करतो तेव्हा कचरा आपल्या घरातून जातो, पण तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी घराजवळ जाऊन पडतो.

आता पुन्हा आपल्या उद्यानाकडे येऊ. १९८३ साली या ओसाड जागेवर पहिले झाड लावले गेले. ते ज्यांच्या हातून लावले गेले, त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते म्हणजे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा लहानग्या सालिमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना ते सांगता येईना. त्यांनी त्याला 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, पण कपाटे उघडून पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी त्या मुलाला दाखवले. त्या दिवसापासून मुलाच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे त्यांनी साऱ्या भारतात हिंडून पक्ष्यांचा अभ्यास केला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला.

मुलांनो, एक हिशेब करून पाहा. १९८३ साली सालिम अलींचे वय किती होते? त्यांनी पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती. लावलेल्या रोपाचा डेरेदार वृक्ष आपल्याला पाहायला मिळणार नाही, हे त्यांना कळत नव्हते का? नक्कीच कळत होते. १९८७ साली त्यांचे निधन झाले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते १९९४ साली. म्हणजे कचरा टाकणे थांबल्यापासून लोक आत येईपर्यंत सतरा वर्षे गेली. आजोबा आंबा लावतात आणि नातू त्याची फळे खातो, असे आपल्याकडे म्हणतात. येथे आजोबा कोणा एका घराचे नव्हते आणि नातवंडेही कोणा एका घराची नाहीत. त्या सकाळी त्या सावलीत उभी असलेली माझी पंचेचाळीस मुले ही त्यांचीच नातवंडे होती.

पण नुसती रोपे लावून रान होत नाही. मग ते झाले कसे? याचे उत्तर पाहण्यासाठी आम्ही खाली वाकलो.

झाडाखाली वाळलेल्या पानांचा जाड थर होता. एका विद्यार्थ्याने काडीने तो हलकेच बाजूला केला. सर्वांत वर कोरडी, कुरकुरीत पाने होती. त्याखाली ओलसर, काळपट, जाळीदार झालेली पाने होती. त्याहून खाली पाने उरलीच नव्हती. तेथे चहाच्या पुडीसारखी काळी, भुसभुशीत माती होती. तिला पावसानंतर येतो तसा वास होता. त्या मातीत एक गांडूळ वळवळत होते. पान झाडावरून पडते, बुरशी आणि किडे ते कुजवतात, गांडुळे ते खातात आणि त्याची माती होते. ती माती पुन्हा झाडाला पोसते. झाड वाढले की आणखी पाने पडतात. अशा रीतीने या जमिनीने आपली माती थोडी थोडी करून स्वतःच तयार केली. बागेतला माळी पाने झाडून काढतो. रानात ती पडू द्यावी लागतात.

त्याच काडीच्या टोकाला पानांबरोबर आणखी एक वस्तू वर आली. ती गोळीच्या चॉकलेटचा चकचकीत कागद होती. कोणीतरी पूर्वी येऊन टाकलेला असावा. त्यावरचा रंगही उडालेला नव्हता. शेजारच्या पानाची काही महिन्यांत माती झाली होती. या कागदाची मात्र तुमच्या-माझ्या हयातीत माती होणार नाही. ज्या काळात ही जागा कचऱ्याने भरली, त्या काळच्या कचऱ्यात आजच्याइतके प्लास्टिक नव्हते. आजच्या कचऱ्यावर असे रान उगवणे त्याहून कठीण आहे.

तेव्हा ती तिसऱ्या बाकावरची मुलगी पहिल्यांदा बोलली. ती हळूच म्हणाली, "टीचर, हा कागद माझे अब्बा वेगळा काढतात." तिचे वडील धारावीतल्या एका गाळ्यात काम करत होते. भंगारात आलेल्या प्लास्टिकमधून ते वेगवेगळे प्रकार निवडत. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, पिशव्या वेगळ्या. मग ते प्लास्टिक धुतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते वितळवून त्याचा दाणा तयार करतात. त्या दाण्यापासून पुन्हा बादल्या, खुर्च्या आणि खेळणी बनतात. "पण असा चकचकीत कागद कोणी घेत नाही," ती म्हणाली, "तो तसाच जातो." हे सांगताना तिचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. मुले तिच्याभोवती गोळा झाली. हे मलाही पुस्तकातून माहीत नव्हते. त्या दिवशी मी ते माझ्या विद्यार्थिनीकडून शिकले. धारावीतले असे असंख्य हात दररोज शहराचा कितीतरी कचरा पुन्हा कामाला लावतात. ते नसते तर कचऱ्याचे डोंगर आणखी उंच झाले असते.

यानंतर आम्ही पक्षी पाहिले. मित्रांनो, पक्षी पाहण्याचीही एक पद्धत असते. ती तुम्हांला कोठेही उपयोगी पडेल. प्रथम पाच मिनिटे एका जागी गप्प बसावे. आपण आलो की पक्षी सावध होतात. आपण गप्प राहिलो की ते आपल्याला विसरतात. आधी कान द्यावा, मग डोळे. पक्षी दिसला की त्याचे नाव विचारण्याची घाई करू नये. तो केवढा आहे ते आधी ठरवावे. चिमणीएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा? सालिम अलींनी आपल्या पुस्तकात पक्ष्यांचा आकार असाच ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करून सांगितला आहे. मग त्याची चोच पाहावी, पाय पाहावेत. तो काय करतो आहे, जमिनीवर आहे की शेंड्यावर, एकटा आहे की थव्यात, ते वहीत लिहावे. तारीख आणि वेळ टिपावी. नाव सर्वांत शेवटी शोधावे. नुसते नाव पाठ केले तर पक्षी विसरतो. निरीक्षण केले तर तो कायमचा लक्षात राहतो.

या उद्यानात शंभराहून अधिक जातींचे पक्षी पाहिल्याच्या नोंदी आहेत. आम्हांला एका सकाळी चौदा जातींचे पक्षी दिसले. आम्ही वहीत दोन रकाने आखले होते. एका रकान्यात घरी बोलतो ते नाव आणि दुसऱ्या रकान्यात मराठी नाव. चील म्हणजे घार. तोता म्हणजे पोपट. बगुला म्हणजे बगळा. फाख्ता म्हणजे होला. एक इवलासा हिरवट पक्षी शेपटी उभारून झुडपात टुणटुण उड्या मारत होता. तो पाने एकमेकांना शिवून त्यात घरटे बांधतो, म्हणून मराठीत त्याचे नाव शिंपी. शिंपी म्हणजे काय, असे मुलांनी विचारले. मी म्हणाले, "दर्जी!" तेव्हापासून तो पक्षी कोणीही विसरले नाही. तितली म्हणजे फुलपाखरू, केंचुआ म्हणजे गांडूळ, घोंसला म्हणजे घरटे. काही शब्द मात्र दोन्ही रकान्यांत एकच आले. बाग, हवा, जमीन. मराठी शिकायला आपण अगदी रिकाम्या हाताने येत नाही, हेही मुलांना त्या वहीतून कळले.

एके ठिकाणी दोन झाडांच्या मध्ये मोठे जाळे दिसले. त्यात एक काळी-पिवळी मकडी बसली होती. मराठीत तिला 'कोळी' म्हणतात, असे मी सांगताच एक मुलगा गोंधळला. "टीचर, कोळी म्हणजे मासे पकडणारे ना?" दोन्ही बरोबर आहे. दोघेही जाळे विणतात. मुंबईचे मूळ रहिवासी असलेल्या कोळी लोकांची धारावीतही जुनी वस्ती आहे. तिला धारावी कोळीवाडा म्हणतात. एके काळी ते या शेजारच्या खाडीतच मासे पकडत असत.

उद्यानात वड, पिंपळ आणि उंबर ही तीन झाडे पाहताना त्यांची फळे तोडून नव्हे, तर खाली पडलेली उचलून पाहावीत. ही तिन्ही एकाच कुळातली झाडे आहेत. त्यांची फुले बाहेर दिसत नाहीत, कारण ती फळाच्या आतच असतात. एक अगदी बारीक कीटक फळाच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून आत शिरतो आणि त्याच्यामुळे परागीकरण होते. पिकलेली फळे पक्षी आणि वटवाघळे खातात. त्यांच्या विष्ठेतून बिया दूर दूर पडतात. इमारतीच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ तुम्ही पाहिला असेल. तो कोणी लावलेला नसतो, तो पक्ष्याने पेरलेला असतो. रानातही असेच होते. माणूस काही झाडे लावतो, मग पक्षी येतात आणि उरलेले काम ते करतात.

फुलपाखरांचेही असेच आहे. फुलपाखरू हवे असेल तर केवळ फुले असून चालत नाही. त्याच्या अळीला खायला ठरावीक झाडाची पाने लागतात. केशरी पंखांचे आणि काळ्या कडांचे एक फुलपाखरू आपल्याकडे सर्वत्र दिसते. ते रुईच्या झाडावर अंडी घालते. रुईचा चीक विषारी असतो. अळी ती पाने खाऊन ते विष आपल्या शरीरात साठवते, म्हणून पक्षी या फुलपाखराला खात नाहीत. निळे-काळे मोठे 'नीलवंत' हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. २०१५ साली त्याला हा मान मिळाला. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. रुईला आपण निरुपयोगी झुडूप समजतो आणि लिंबाच्या पानावरच्या अळीला कीड समजून मारतो. मग फुलपाखरे कमी झाली, अशी तक्रारही आपणच करतो.

पुढे एक तळे लागले. त्यात पावसाचे पाणी साठवलेले आहे. मुंबईत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि बहुतेक पाणी गटारातून समुद्राला मिळते. येथे ते अडवून ठेवले आहे. तळ्याच्या काठी खंड्या पक्षी फांदीवर दगडासारखा स्थिर बसला होता. अचानक त्याने सूर मारला आणि निळी रेघ चमकून गेली. पंचेचाळीस मुले एकदम "अरे!" म्हणाली. त्यामुळे पुढचा अर्धा तास कोणताही पक्षी जवळ आला नाही.

शेवटी आम्ही नदीच्या बाजूला गेलो. मिठी नदी विहार आणि पवई या तलावांच्या वाहून जाणाऱ्या पाण्यातून उगम पावते. सुमारे १८ किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीत मिळते. तिच्या काठी तिवरांची झाडे आहेत. त्यांच्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी टोके वर आलेली दिसतात. ती तिवराची मुळे आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळे श्वास घेण्यासाठी वर येतात. खाऱ्या पाण्यात इतर झाडे मरतात, पण तिवरे तग धरतात. त्यांच्या मुळांत माशांची आणि खेकड्यांची पिले वाढतात. भरतीचे पाणी आत घुसते, तेव्हा ही झाडे त्याचा जोर कमी करतात.

पण नदीचे पाणी काळे होते. तिवरांच्या मुळांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या. मुले गप्प झाली. मी त्यांना २६ जुलै २००५ या दिवसाबद्दल सांगितले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीला पूर आला. भराव आणि बांधकामांमुळे नदीचे पात्र अरुंद झाले होते. कचऱ्याने नाले तुंबले होते. पाण्याला जायला वाट उरली नाही. ते लोकांच्या घरांत शिरले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. कुर्ला, कलिना, धारावी या भागांत तुमच्या आईवडिलांना तो दिवस आठवत असेल. त्यांना जरूर विचारा. इतका पाऊस पडणे माणसाच्या हातात नव्हते. नदीला वाट ठेवणे मात्र माणसाच्या हातात होते.

मित्रांनो, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना मुलांनी दोन गोष्टी पाहिल्या. एका बाजूला कचऱ्याचे रान झाले होते. दुसऱ्या बाजूला नदीचा कचरा होत होता. दोन्ही माणसांनीच केले. बिघडवायला फारसे काही करावे लागत नाही. हातातली पिशवी सोडून दिली की झाले. सुधारायला मात्र सतरा वर्षे, पुष्कळ माणसे आणि खूप धीर लागतो. तरीही सुधारता येते, याचा पुरावा तेथे उभा आहे. त्याच्या सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला.

तुम्हीही तुमच्या जवळच्या निसर्ग उद्यानात जा. उद्यान नसेल तर शाळेमागचा नाला, तलाव किंवा कब्रस्तानातली जुनी झाडेही पाहण्यासारखी असतात. जाण्यापूर्वी वेळ आणि परवानगी यांची चौकशी करा. फिकट हिरवे किंवा मातकट रंगाचे कपडे घाला, कारण भडक रंग पाहून पक्षी बुजतात. बाह्या लांब असाव्यात, म्हणजे डास कमी चावतील. खाऊ डब्यात न्या, पुड्यात नको. डबा घरी परत येतो, पुडा तेथेच राहतो. पक्ष्यांना खाऊ घालू नका. त्यांचे अन्न शोधणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले येते. आणि वही न्यायला विसरू नका.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सहलीविषयी मराठीत दहा ओळी लिहायला सांगितल्या. अनेकांनी "काल आम्ही सहलीला गेलो" अशी सुरुवात केली. त्या मुलीच्या वहीत लिंग-वचनाच्या चार चुका होत्या. त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या. पण तिच्या पहिल्या ओळीत एकही चूक नव्हती. तिने लिहिले होते, "मी धारावीत राहते आणि माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एक रान आहे."